मुलीकडच्या बायका

सोयऱ्यांना माती हवी आहे, एवढंच माझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं आणि तो ट्रॅक्टर घेऊन निघाला. दुपारी परतला तो ट्रॉली भरून. मांडवाच्या तोंडाशीच ट्रॉली उलटी केली, नदीकाठच्या रानातली काळीभोर माती ओतली, वर दोन पाट्या कुजलेलं शेणखत टाकलं आणि हात झटकत म्हणाला, "घ्या. काय बी पेरा, उगवून येतंय."

सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. काम सांगितलं की वाढवून करणार. मांडवात बसलेली मंडळी खो खो हसली. विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या ढिगाकडं पाहिलं, माझ्या नवऱ्याला हात जोडून थँक यू म्हटलं आणि जिना चढून वर गेल्या. मी मागोमाग गेले तर पलंगावर बसलेल्या, मांडीवर एक जुनी पिवळी ओढणी, आणि डोळे भरलेले. लग्नाला चार दिवस राहिले होते आणि मुलीची आई माझ्या घरात रडत होती. मला माझ्या नवऱ्याचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि काय चुकलं ते नीट कळेना म्हणून स्वतःचाही आला.

आमचं गाव वाई-सातारा रस्त्यापासून आत, कृष्णेच्या काठाला. मुलगा टोरांटोत नोकरीला. तिथंच त्यानं मुलगी पसंत केली आणि फोनवर सांगितलं, "आई, ती त्रिनिदादची आहे." मी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात उभी हयात घालवलेली. वेस्ट इंडीज म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं: ऊस, कोको, केळी, आणि त्रिनिदादमध्ये डांबराचं सरोवर. त्या सरोवराच्या देशात मुली असतात, त्या लग्नाच्या होतात आणि आपल्या घरी सून म्हणून येऊ शकतात, हे पुस्तकात कुठं नव्हतं. गावाचं ज्ञान माझ्याहून थोर. चावडीवर एकानं विचारलंच, "म्हंजे फास्ट बॉलरच्या घरातली व्हय?"

घरातली मंडळी मुळातली आपल्याच देशातली. विहीणबाईंच्या पणजोबा-पणज्यांना उत्तरेकडच्या खेड्यांतून पाच वर्षांच्या करारावर बोटीत घालून ऊस तोडायला नेलेलं. मुलीच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमान नको म्हटलेलं. मामा लग्नाच्या सकाळी पोचणार. तेव्हा मुलगी आणि तिची आई दोघीच आल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे मुलीचं माहेर, असं आम्ही ठरवून टाकलं. मुलाकडचं घर खाली, मुलीकडचं वर, मधे जिना.

आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो. माझं इंग्रजी शाळेतलं, ताठ. त्यांचं डुलत चालणारं. हिंदी त्यांना येत नव्हतं, ते त्यांच्या आजीबरोबर संपलं म्हणाल्या. पण आल्या दिवशी स्वयंपाकघरात शिरल्या आणि एकेका वस्तूवर बोट ठेवत गेल्या: तवा, लोटा, कढई. आजीलाही त्या आजीच म्हणत. लाटण्याशी गाडी अडली, त्यांच्याकडं ते बेलना. मग त्यांनी पदर खोचला आणि भाकरी थापायला बसल्या. पहिली भाकरी फाटली. दुसरीही फाटली. तिसरी माझ्या नवऱ्यानं तशीच खाल्ली आणि "फर्स्ट क्लास" म्हणाला.

शेतावर नेलं तेव्हा ऊसतोड चालू होती. बांधावर तोडकऱ्यांच्या खोपी, बाहेर चुली, एक बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. विहीणबाई बघतच राहिल्या.

"हे लोक इथलेच?"

"नाही. लांबून येतात, मराठवाड्यातून. हंगाम संपला की परत जातात."

"आमचे परत गेले नाहीत," त्या म्हणाल्या. मग सांगायला लागल्या, की त्यांच्या बेटावर आता ऊस उरलाच नाही, साखर कारखाने बंद झाले, रानात घरं उठली. त्यांचा भाऊ तेलाची रिकामी पिंपं ठोकून केलेलं वाद्य वाजवतो, आणि कार्निव्हलमध्ये त्याच्या मागं आख्खा रस्ता नाचतो. नवरा म्हणाला, "आपल्याकडं त्या पिंपात पाणी भरून ठेवत्यात." मी त्याला डोळे वटारले. विहीणबाई म्हणाल्या, "ऊस गेला. पण माटीकोर राहिला. माझ्या आईनं केला, मी माझ्या मुलीचा करणार."

माटीकोर म्हणजे काय, तर लग्नाच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, मुलीच्या आईनं वाजतगाजत नदीकाठी जायचं, धरतीची पूजा करायची आणि लेकीच्या लग्नासाठी तिच्याकडं माती मागायची. त्या मातीनं मांडवातला ओटा लिंपायचा आणि त्यावर लग्न लावायचं. भटजी नाही, पुरुष नाहीत. पुरुष फक्त वाजवणारे. बायकांनी वाटेत गायचं, नाचायचं, चावट बोलायचं.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं होतं. त्यातलं त्याच्या लक्षात राहिलं 'माती'.

तर पलंगावर बसून विहीणबाईंनी मला ओढणी दाखवली. कडेला मातीचा डाग होता, विटकरी. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची माती याच ओढणीत बांधून आणली होती.

"ढीग बघून वाईट नाही वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी प्रेमानं आणली. पण ती आणलेली माती आहे. माटीकोरची माती आईनं मागायची असते, आणि एकटीनं मागायची नसते. मागं बायका लागतात. एकट्या बाईनं खणलेली माती आमच्याकडं लग्नाला चालत नाही. माझ्या वेळी आख्खी गल्ली होती. सगळ्यांत पुढं नाचली ती शेजारीण आफ्रिकेच्या वंशातली, रविवारी चर्चला जाणारी. जी मागून चालते ती त्या दिवशी आपली होते. आणि इथं..." त्या थांबल्या. "मुलगी म्हणते, जाऊ दे मम्मी. कसं जाऊ दे? मी तिला काहीच न देता सोडून जाणार का?"

मी म्हटलं, "शुक्रवारी जायचं. बायका मी आणते." आणि खाली उतरले.

खाली वन्सं बसल्या होत्या. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, सांगलीत दिलेली. लग्नकार्यात मानपान, अहेर, कोण कुणाच्या आधी बसणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्याशिवाय आमच्याकडं सुपारीसुद्धा फुटत नाही. मी सांगितलं तसं त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"आवं वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? तुमी वरमाय. वरमाय कवा मुलीकडची पाटी उचलती व्हय? उद्या त्यांनी तुमचं पाय धुयाचं, तुमाला पाटावर बसवायचं, आन तुमी त्यांच्या मागनं कुदळ घिऊन चालणार? लोकं तोंडात श्याण घालतील."

"मग जायचं कुणी? गावात मुलीकडची बाई आहे का एक तरी?"

"न्हाई तर न्हाई. आपल्यात कुटं ही रीत हाय?"

नवरा मधे पडला. म्हणाला, चार बायका रोजावर बोलवू, चहा-नाश्ता देऊ, हाय काय अन् न्हाय काय. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो ट्रॅक्टर धुवायला निघून गेला.

वन्सं चुकीचं काही बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत. आपल्याकडं लग्नात माणसं दोनच जातीची, मुलाकडची आणि मुलीकडची. मुलाकडच्यांनी बसायचं, मुलीकडच्यांनी वाकायचं. माझ्या लग्नात माझी आई वाकली होती. गुडघे सुजलेले, तरी रांगेनं बसलेल्या बायकांचे पाय धूत पुढं पुढं सरकत होती, आणि कुणीतरी वरून म्हटलं होतं, पाणी लय गार हाय. ते मी विसरले नाही. आणि खरं सांगायचं तर, वरमाय होण्याची वाट मीही बघत होते. एकुलता एक मुलगा. एकदाच मिळणारा मान. विहिणीच्या पंगतीसाठी घेतलेलं लुगडं मी कपाटातून काढून चारदा बघितलेलं. मान कुणाला नको असतो?

तरी मी सकाळी घरं पालथी घालायला निघाले. प्रत्येक घरी चहा झाला, कौतुक झालं, आणि मग तेच.

"जायला काय, जाऊ की. पर तुमच्या घरचं कोण हाय संगं?"

"वन्सं न्हाईत? मग आमी कशा?"

एकीनं तर सरळ विचारलं, "तुमी स्वता कुणाकडनं चालणार, काकू?"

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, असा तो मामला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी वरमाय म्हणून मिरवत दुसऱ्यांना वाकायला सांगत होते. तिच्या उंबऱ्यातच मी म्हणाले, "मी मुलीकडून. लिहून घे. मला पाय धुऊन घ्यायचे नाहीत आणि पाटही नको. शुक्रवारी ऊन उतरलं की माझ्या दारात ये."

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. वन्सं भांडी जरा जोरात आपटत होत्या.

शुक्रवारी ऊन उतरायला लागलं तसे हलगीवाले तिघं आले. मी धास्तावले होते, आपण दोघी आणि हे तिघं अशीच मिरवणूक निघते की काय. पण उंबऱ्यात विचारणारी ती आली, तिच्या मागून तिची सासू, मग शेजारच्या दोघी, मग कुतूहल म्हणून बालवाडीच्या बाई. गर्दी नव्हे, पण मागं चालायला पुरेशा. वन्सं ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. वर बघितलं नाही.

हलगीवाल्यांनी अंगणाच्या कडेला पाचट पेटवलं आणि हलग्या शेकायला धरल्या. विहीणबाई जिना उतरत होत्या, त्या मधल्या पायरीवरच थांबल्या. मग जवळजवळ धावत आल्या आणि जाळापाशी उकिडव्या बसल्या.

"तासा!" त्या म्हणाल्या. "आमचा तासाही असाच शेकतात. माझे वडील शेकायचे. ते वाजवायचे."

त्यांनी हात पुढं केला. म्हाताऱ्या हलगीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्यानं हलगी दिली. विहीणबाईंनी आधी तिला कुंकू लावलं, तिच्या पाया पडल्या, आणि मग दोन्ही काड्या घेऊन सुरू झाल्या. पहिल्यांदा सगळंच फिसकटलं. त्यांची हलगी धावत सुटली, बाकीचे दोघं मागं राहिले.

"आवं ताई, जरा दमानं," म्हातारा म्हणाला. "हितं लगीन हाय, पळापळ न्हवं."

मी भाषांतर केलं. त्या खळखळून हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा. पुन्हा लागल्या. मधेच कुठंतरी जमलं, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून "वा रं गड्या" निघून गेलं. बाईमाणसाला गड्या म्हटलं म्हणून त्यानं जीभ चावली. हलगी परत देऊन विहीणबाईंनी पूजेचं ताट उचललं. कुदळ मी खांद्यावर घेतली. लुगडं नेसले होते तेच, पंगतीचं. ते कशाला कपाटात ठेवायचं?

वाटेत गावच्या बायका आधी लाजल्या. मग बालवाडीच्या बाईंनी विहिणीला चिडवायचं एक जुनं गाणं काढलं, त्यात नवऱ्या मुलाच्या आईची यथेच्छ धिंड होती. म्हणजे माझीच. मी कुदळ खांद्यावर घेऊन स्वतःच्याच नावानं शिव्या खात, ठेका धरत चालले होते. उसाच्या फडातून तोडकरी बायका बघत होत्या. त्यांतल्या दोघींनी कोयते खाली ठेवले, तोंड पुसलं आणि काही न विचारता मागून चालू लागल्या. त्यांना कोण विचारणार तुम्ही कुणाकडच्या?

नदीच्या कडेला उंबराखाली जागा झाडली. विहीणबाईंनी हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली, आणि एक मंत्रासारखं काहीतरी म्हणायला लागल्या. आईनं म्हटलं तसं म्हणते, अर्थ येत नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला त्यातला 'माई' तेवढा कळला. पुरेसा होता. मग त्यांनी कुदळ मारली. ढेकूळ निघालं, ओलं, काळं. मागून बायकांनी आपसूक आरोळी दिली.

आणि तिथं त्या थबकल्या. ओंजळीत माती, आणि इकडंतिकडं बघतायत.

"काय झालं?"

"ही ओढणीत घ्यायला फुआ लागते," त्या हळूच म्हणाल्या. "मुलीच्या वडिलांची बहीण. ती तिकडं आहे. मी विसरलेच. कुणीतरी फुआ म्हणून उभं राहिलं तर..."

मी बायकांना सांगितलं. हलगी थांबली. गावची बाई आत्या कशी होणार? आत्या म्हणजे रक्ताचं नातं, तिचा मान, तिची साडी. तोडकरी बायकासुद्धा पायाशी बघायला लागल्या. विहीणबाईंच्या हातातली माती बोटांतून गळायला लागली. मी कुदळ टाकली आणि ओढणी घ्यायला हात पुढं केला.

"थांबा."

वन्सं. केव्हा आल्या, कशा आल्या, देव जाणे. शेंगांची टरफलं अजून पदराला चिकटलेली. बायकांना बाजूला सारत पुढं आल्या.

"काय लागती म्हणाला? आत्या?"

"हो, पण..."

"मग तुमी कशाला हात घालताय? आत्याचं काम वैनीनं करायचं नसतंय. इवढं बी कळंना का? सरका तिकडं."

त्यांनी ओढणी माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, झटकली, डोक्यावरून पदर घेतला आणि विहीणबाईंपुढं गुडघे टेकून ओढणी पसरली. "घाला," त्या म्हणाल्या. भाषांतराची गरज पडली नाही. माती ओढणीत पडली. विहीणबाई पुन्हा वाकल्या, पुन्हा ओंजळ भरली. दोघींचीही डोकी जवळ आली होती आणि दोघीही रडत होत्या. मी तर केव्हाचीच. म्हाताऱ्यानं हलगीवर असा काही हात टाकला की उंबरावरचे पक्षी उडाले.

परत येताना वन्सं सगळ्यांत पुढं होत्या. नाचल्या नाहीत, पण त्यांचं चालणं सरळ नव्हतं, एवढंच सांगते.

रविवारी त्याच मातीनं लिंपलेल्या ओट्यावर लग्न लागलं. पंगतीची वेळ आली तेव्हा विहीणबाई आणि मी एका रांगेत, शेजारी शेजारी, ताटं वाढत होतो. नवरा फेटा बांधून पाटावर एकटाच बसलेला. चहूकडं बघून म्हणाला, "म्हंजे मुलाकडचा मी एकटाच ऱ्हायलो? मग माझं पाय कोण धुणार?"

"नळ तिकडं हाय, दादा," वन्सं म्हणाल्या.

जाताना विहीणबाईंना थोडी माती न्यायची होती. विमानतळावर अडवतील, असं सुभेदारांनी कायद्याच्या आवाजात सांगितलं. मग त्यांनी ओढणी धुतली नाही, नेलीही नाही. आता तिच्यावर दोन डाग होते, एक विटकरी, एक काळा. मला वाटलं, मला देतील. मी हातही पुसून ठेवले होते. त्यांनी ती वन्संच्या हातात दिली. फुआकडं राहते, म्हणाल्या. मला वाईट वाटलं. का नाही वाटणार? मान सोडला तो मी, आणि ओढणी गेली सांगलीला. दोन दिवस मी वन्संशी जरा तुटकच वागले.

परवा वाईला नातलगांकडं बारसं होतं. आदल्या दिवशी मी वन्संना फोन केला, सकाळच्या गाडीनं या, मिळून जाऊ.

"उद्या न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. "हितं आमच्या गल्लीत भाड्यानं ऱ्हात्यात बघा, त्यांच्या पोरीचं लगीन हाय. कुटनं लांबनं आल्यात, मागं कोण माणूस न्हाई. तिची आई एकलीच दारात बसली हुती. मी म्हटलं ऊठ, आपण माती आणू."

"त्यांच्यात आहे का ही रीत?"

"आमच्यात हाय," वन्सं म्हणाल्या.

मला हसू आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि तुम्ही कुणाकडून चालणार?"

पलीकडून ओढणी झटकल्याचा आवाज आला.

"मुलीकडनं. आनि कुणाकडनं?"